जुन्या थारचं नाक वर करायचंय: टॉर्शन बार पिळावा की किट घ्यावं?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची थार, सीआरडीई मॉडेल, पुण्यात असते. गेल्या वर्षी दुसऱ्या मालकाकडून घेतली. त्याने पुढे जाड लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी केबलने ओढून काढायचं यंत्र) बसवून ठेवलंय, दोन्ही मिळून सत्तर-ऐंशी किलोचं धूड असेल. परिणाम असा की गाडी नुसती उभी असली तरी वाकून नमस्कार घालतेय असं वाटतं. वेल्ह्याच्या बाजूला कच्च्या वाटेने दगडांवरून उतरताना पुढची स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा) खरडते.

ओळखीच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, टॉर्शन बारचे बोल्ट पिळून दोन इंच वर घेतो, अर्ध्या तासाचं काम, दीड हजार द्या. दुसरीकडे पूर्ण लिफ्ट किटचा (गाडी उंच करायच्या सुट्या भागांच्या संचाचा) भाव विचारला तर मजुरी धरून ऐंशी हजारांच्या पुढे. आता मला पडलेला प्रश्न: दीड हजारात जे होतंय त्यासाठी लोक ऐंशी हजार का घालतात? टायर सध्या कंपनीच्याच मापाचे आहेत, २३५/७० आर १६. पुढे २४५/७५ टाकायचा विचार आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिखलू

प्रकाश टाकायचा तर आधी हेडलाइटचा कोन बघा, नाक वर केल्यावर सगळा प्रकाश आंब्याच्या शेंड्यावर पडतो. हलके घ्या.

रांगडा_कोल्हापूर

भावा, कशाला एवढा इचार करतोस. आमच्याकडं पाटेवाल्याकडं जायचं, पुढच्या पाट्यात एक पान वाढवून घ्यायचं, जुन्या पानांना ताव देऊन कमान मारून घ्यायची. संध्याकाळी गाडी घोड्यागत उभी. इषय संपला.

पाना_बारा

रांगडाभाऊ, इषय सुरूच झालेला नाही. :) त्यांच्या गाडीला पुढे पाटेच (लीफ स्प्रिंग) नाहीत. थार डीआय असती तर पुढे-मागे पाटे आणि पुढे अखंड अ‍ॅक्सल, तिथे तुमचा उपाय चालला असता. सीआरडीईला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार. पाटे फक्त मागे. नावं एकच असल्याने हा घोळ नेहमी होतो.

घाटवाट, सविस्तर उत्तर रात्री लिहितो. तोवर गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका.

रांगडा_कोल्हापूर

अरे तिच्या! आमची डीआय हाय. मग बरोबर हाय तुमचं.

सागरवेडी

नवीन थार घ्या की सरळ. पुढे-मागे कॉइल स्प्रिंग, एसी गार, दारं नीट लागतात.

घाटवाट

@सागरवेडी, पैसे पाठवा, उद्याच बुक करतो.

पाना_बारा

हं, आता निवांत लिहितो.

टॉर्शन बार म्हणजे चेसिसच्या बाजूने लांब जाणारी पोलादी कांब. तिचं एक टोक चाकाच्या कंट्रोल आर्मला, दुसरं टोक मागे चेसिसच्या आडव्या मेंबरमध्ये एका छोट्या लिव्हरवर. चाक वर गेलं की कांबेला पीळ बसतो, तोच तिचा स्प्रिंग. त्या लिव्हरखाली एक बोल्ट असतो. बोल्ट आत घेतला की लिव्हर फिरतो, त्याबरोबर अख्खी कांब फिरते आणि आर्म खाली ढकलला जातो, म्हणजे गाडी वर येते.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. बोल्ट पिळल्याने कांब कडक होत नाही. गाडीचं वजन तेवढंच, कांबेची जाडी-लांबी तीच, तेव्हा उभ्या गाडीत तिला बसणारा पीळही जवळपास तेवढाच. बदलतो तो फक्त आर्मचा कोन. चाकाला वर-खाली मिळून जी एकूण हालचाल आहे ती काही वाढत नाही, तिचे वाटे बदलतात. वर जायला जागा जास्त, खाली लोंबायला कमी. दोन इंच पिळलात तर खाली लोंबायच्या जागेतले दोन इंच गेले. मग गतिरोधकावरून उतरताना चाक खाली जाऊ पाहतं आणि आर्म खाली जायच्या हालचालीच्या थांब्यावर आदळतो: ठाक! लोक म्हणतात "सस्पेन्शन कडक झालं". कडक नाही झालं, संपलं.

आणि खाली लोंबणं हेच तर आपल्या कामाचं. एक चाक खड्ड्यात उतरलं की ते जमिनीला टेकायला हवं. टेकलं नाही तर हवेत गरगर फिरत राहणार आणि उंच दिसणारी गाडी जागच्या जागी.

दुसरं, सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा वळता सांधा. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चेसिसला घट्ट, चाक त्याच्यापेक्षा खाली, त्यामुळे शाफ्टचा कोन वाढतो. फोर बाय फोर लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चढावर ताकद लावली की त्या जॉइंटचे हाल होतात. जॉइंटवरचे रबरी बूट फाटतात ते याच कोनामुळे. घड्या एकमेकींवर घासत राहतात.

किटवाले पैसे कशाचे घेतात ते आता लक्षात येईल. चांगल्या किटमध्ये लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वेगळ्या कोनाचे वरचे आर्म, काहींत डिफरन्शियल खाली घ्यायचे ब्रॅकेट, मागच्या पाट्यांचा संच. हालचालीचा पल्ला आणि कोन दोन्ही सांभाळायचे म्हटल्यावर एका बोल्टवर भागत नाही. बाजारात बोल्ट पिळून त्यावर एक जाड रबर लावून "किट" म्हणून विकणारेही आहेत, तेव्हा डब्यात काय काय येतं ते आधी विचारा.

डोंगरदऱ्या

पानासाहेब, दंडवत. वाचनखूण साठवली. पण एक शंका. माझ्या मित्राच्या जुन्या सफारीला पण टॉर्शन बार होते, पिळल्यावर ती खरंच कडक लागायची, अगदी साध्या रस्त्यावर, गतिरोधक नसतानाही. तुमच्या गणितात ते बसत नाही.

पाना_बारा

दोन शक्यता. एक, इतकी पिळली असेल की उभ्या गाडीतच आर्म थांब्याला टेकायला आला असेल. मग प्रत्येक बारीक खळग्यात ठोका बसणार. दोन, आर्म जास्त तिरका झाला की चाक वर जाताना कांबेवरची तरफ थोडी बदलते, त्याचा फरक जाणवतो. म्हणजे मित्राचा अनुभव खरा, कारण वेगळं. चूकभूल द्यावी घ्यावी.

जिप्सीकर

मी जिप्सीच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे चारही चाकांना पाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल. पुढून उचलायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी). हिशोब सोपा: शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी एकच इंच वर येते, कारण पाट्याचं दुसरं टोक होतं तिथेच असतं.

पण जिप्सीला पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, वळल्यावर स्टिअरिंग आपसूक मागे येत नाही. उपाय म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालतात.

ज्यांना जास्तच हौस ते अ‍ॅक्सलवर पाटा घेतात. मूळचा पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जातो, तो वरून घेतला की एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. पण मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) इतकी तिरकी होते की खड्ड्यात चाक वर-खाली झालं तरी स्टिअरिंग स्वतःच हलतं. त्यासाठी वाकवलेली लिंक किंवा वरून जोडणी. ब्रेकचे होज लांब, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघायचा, यू बोल्ट नवे. एक धागा ओढला की स्वेटर उसवत जातो.

आणि एवढं करून अ‍ॅक्सल जमिनीपासून किती वर गेला? एक मिलिमीटरही नाही! अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा भोपळा जमिनीपासून किती वर राहणार हे टायर ठरवतो, लिफ्ट नाही.

घाटवाट

@जिप्सीकर, हे भारी सांगितलंत. म्हणजे माझ्या थारला पुढचं डिफरन्शियल चेसिसला असल्याने ते वर जाईल, पण मागचं तिथल्या तिथेच?

जिप्सीकर

बरोबर. पुढून निसटाल आणि मागे भोपळ्यावर बसाल. २४५/७५ चा हिशोब केला का? २३५/७० चा व्यास साधारण ७३५ मिमी, २४५/७५ चा ७७४. त्रिज्येत फरक १९ मिमी. ही उंची खरी, पुढे-मागे दोन्हीकडे मिळणारी. बदल्यात स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल: काटा ८० वर असताना तुम्ही ८४ ने जात असाल.

साडीतली_ऑफरोडर

इतका वेळ सगळे इंच मोजताय. नऊवारी सोडा, साधी गोल साडी नेसून त्या थारमध्ये चढून दाखवा आधी. आमच्याकडे लिफ्ट झाल्यापासून सासूबाईंसाठी प्लास्टिकचं स्टूल कायम डिकीत. लग्नाच्या हॉलसमोर नवऱ्याने उतरून स्टूल मांडायचं, सगळं वऱ्हाड बघतंय.

जाता जाता, फूटस्टेप खाली घेतली तर ती दगडावर आपटते. म्हणून स्टूलच बरं.

चिखलू

खिक्! स्टूलला पण लिफ्ट किट मिळतं म्हणे.

वकीलबाबू

गंमत चालू द्या, पण एक कडू गोळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्या रचनेपेक्षा, वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए (४) प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि घाटवाट, तुमचा तो लोखंडी बंपर तर आधीच नजरेत भरणारा आहे. बुल बारवर (असल्या लोखंडी बंपर-कठड्यांवर) कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलेलं आहे.

दंड परवडेल एक वेळ. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेअरने "बदल केलेली गाडी" असा शेरा मारला, की पुढची वर्षं माझ्यासारख्यांच्या ऑफिसात चहा पिण्यात जातात.

रांगडा_कोल्हापूर

वकीलसाहेब, चहाचं बिल पण आमच्याच नावावर लावता का?

वकीलबाबू

किरकोळ खर्चात धरतो.

डोंगरदऱ्या

पण मग टॉर्शन बारचा बोल्ट कंपनीनेच अ‍ॅडजस्ट करायला दिलाय ना? तो फिरवणं हा बदल कसा?

वकीलबाबू

कंपनीने ठरवलेल्या उंचीला आणण्यासाठी फिरवणं ही देखभाल. त्यापुढे नेऊन वेगळे शॉक, वेगळे आर्म, वेगळ्या मापाचे टायर, हा बदल. सीमारेषेवर वाद घालता येतो, पण रस्त्याच्या कडेला हवालदारासमोर घालू नका.

परदेशी_पाटील

कोलोराडोहून. माझ्याकडे १९९१ ची टोयोटा पिकअप आहे. इकडे या गाड्यांना १९८५ पर्यंत पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे होते, १९८६ पासून टॉर्शन बार आले. त्यामुळे तुमचा वाद इथे गेली कित्येक वर्षं जसाच्या तसा चालू आहे. एक गट म्हणतो पिळा, दुसरा म्हणतो बॉल जॉइंटचा स्पेसर टाका, तिसरा सगळं उखडून जुना अखंड अ‍ॅक्सल बसवतो.

स्पेसर म्हणजे वरच्या आर्म आणि बॉल जॉइंटमध्ये एक ठोकळा. फायदा हा की आर्म थांब्यापासून लांब राहतो, लोंबायची थोडी जागा परत मिळते. पण शाफ्टचा कोन वाढतोच, त्याला स्पेसर काही करू शकत नाही. म्हणून सोबत डिफरन्शियल खाली घ्यायचं ब्रॅकेट लावतात. आणि ते खाली घेतलं की कमावलेली उंची तिथेच थोडी परत गेली!

माझा सल्ला बोल्टबद्दल. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात, त्यामुळे हा बोल्ट गंजून जाम झालेला असतो. तुमच्याकडे पुण्यात एवढं नसेल, पण गाडी कोकणात राहिलेली असेल तर नक्की बघा. दोन-तीन दिवस आधीपासून आट्यांवर गंजतेल मारत राहा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, ग्रीस लावा. आणि चाकं जमिनीवर असताना पिळू नका. चेसिसला जॅक लावून, खाली घोडी (स्टँड) देऊन, चाकं लोंबकळत ठेवूनच. बारमध्ये पीळ भरलेला असताना गंजलेले आटे सुटले तर तो लिव्हर कुठे जाईल सांगता येत नाही. तोंड बाजूला ठेवा.

खटारावाले_काका

बाळांनो, सगळं वाचलं. माझ्याकडे एमएम ५४० आहे, प्यूजो इंजिनवाली, घेतली तेव्हापासून एकदाही उचललेली नाही. तुमच्यातल्या अनेक जणांच्या उचललेल्या गाड्या तिने दोर लावून ओढून काढल्यात.

घाटवाट, स्किड प्लेट कुठे घासते त्याकडे बघितलंत का? बहुतेक तुम्ही दगड दोन चाकांच्या मधे घेता. नवीन माणूस तेच करतो, टायर वाचवायला. उलट करायचं. चाक दगडावर चढवायचं, म्हणजे गाडीच वर उचलली जाते आणि पोट दगडापासून दूर राहतं. लो रेंजमध्ये पहिला गिअर, क्लचवरून पाय काढा, इंजिनला काम करू द्या. हवा थोडी कमी करा. शेजारी बसलेल्या माणसाला खाली उतरवून वाट दाखवायला लावा. याला शून्य रुपये लागतात.

उतरताना घासते म्हणालात. त्यात अर्धा दोष त्या विंचच्या वजनाचा. किती वेळा वापरलं विंच?

घाटवाट

काका, खरं सांगायचं तर विंचची केबल मी अजून पूर्ण उलगडूनही पाहिलेली नाही. :D

खटारावाले_काका

मग शेपूट कापा आधी, मग घोड्याला नाल ठोका.

जिप्सीकर

काकांशी असहमत. एकट्याने जंगलात जाणाऱ्याला विंच हवंच. पावसाळ्यात लाल चिखलात ओढायला दुसरी जीप नसेल तर दोर घेऊन काय झाडाला विनवण्या करायच्या?

खटारावाले_काका

एकट्याने जायचंच नाही, हा पहिला नियम.

जिप्सीकर

हा वेगळा धागा काढू काका, इथे नको.

पाना_बारा

मूळ प्रश्नावर येऊ. घाटवाट, निर्णय घ्यायच्या आधी एक मोजमाप करा. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. मग पुढून चेसिसला जॅक लावून चाकं लोंबकळू द्या आणि तेच अंतर परत घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाला खाली जायला शिल्लक असलेली जागा. हा आकडा हातात असल्याशिवाय कोणी बोल्टला पाना लावू नये असं माझं मत. त्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मी तरी कधी पिळत नाही.

विंच आणि बंपरच्या वजनाने जेवढं बसलंय तेवढं परत वर आणणं यात काही वावगं नाही. दोन इंचांचा आकडा मात्र गॅरेजवाल्याने हवेतून काढलाय.

घाटवाट

अपडेट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजलं, वॉचमनला टेप धरायला लावली.

पुढे उजवी बाजू डावीपेक्षा १८ मिमी खाली. चाकं लोंबकळल्यावर फरक डावीकडे ६५ मिमी, उजवीकडे ८० च्या आसपास. म्हणजे गॅरेजवाल्याचे दोन इंच, अर्थात ५० मिमी घेतले असते तर डावीकडे जेमतेम दीड सेंटिमीटर उरलं असतं!

ठरवलं ते असं: डावीकडे २० मिमी, उजवीकडे थोडं जास्त, दोन्ही बाजू सारख्या. मागे सध्या काही नाही. टायर झिजल्यावर २४५/७५ चं बघू. वकीलसाहेबांनी घाबरवल्यामुळे लोखंडी बंपर उतरवून मूळचा शोधतोय, विंच कुठे न्यायचं हा प्रश्न आहे.

वकीलबाबू

माझी फी काकांच्या शेपटाच्या खर्चात धरा.

डोंगरदऱ्या

बंपर आणि विंच उतरवलंत तर नाक आपोआप वर येईल की! मग पिळायची गरज किती उरते?

पाना_बारा

अगदी नेमकं बोललात. क्रम उलटा करा, घाटवाट. आधी वजन उतरवा, गाडी आठवडाभर चालवा, परत मोजा. उजवी बाजू कमी राहिलीच तर तेवढीच सारखी करा. उजवीकडे चालक बसतो, त्यामुळे वर्षानुवर्षांनी थोडा फरक पडतोच.

घाटवाट

झालं! बंपर-विंच उतरवलं, मूळचा बंपर भंगारवाल्याकडे मिळाला. पुढून जवळजवळ २५ मिमी वर आली. उजवी अजून १२ मिमी कमी होती. बोल्टच्या आट्यांवर रंगाने खूण करून, चाकं लोंबकळत ठेवून, पाव-पाव फेरा करत सारखी केली. दर वेळी गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलली तेव्हाच खरी उंची कळली; जॅकवरून नुसती उतरवली तर ती फसवी जास्त दाखवते, टायर जमिनीला चिकटून राहतात म्हणून.

आता अलाइनमेंट करून घ्यायची की एवढ्याशा फरकाला गरज नाही?

परदेशी_पाटील

करूनच घ्या. एका बाजूची उंची बदलली की टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि टो बिघडला की टायरची आतली किंवा बाहेरची कड महिनाभरात खरवडल्यासारखी दिसते.

पाना_बारा

पाटलांशी सहमत. अलाइनमेंटला जाताना टाकी साधारण अर्धी, आत नेहमी असतं तेवढंच सामान. अलाइनमेंटवाल्याला आधी सांगा की उंची बदलली आहे, नाहीतर तो फक्त टो बघून सोडतो. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा झुकाव) आणि कॅस्टरचेही आकडे कागदावर मागून घ्या. बोल्टचा लॉकनट घट्ट आहे ना ते शे-दोनशे किलोमीटरनंतर परत बघा. आणि सीव्हीच्या बुटांवर बोट फिरवा, घडीत ग्रीस ओलं लागलं तर तो बूट आधीच गेलाय.

साडीतली_ऑफरोडर

विंच विकायचंय का? आमच्याकडे स्टूलाच्या शेजारी जागा आहे.